अख्खं गाणं नको, फक्त ती जागा सांगा

खर्जातला (धागाकर्ता)

आवडत्या संगीताचा धागा दर काही महिन्यांनी निघतो आणि दर वेळी त्याची यादी होते. कुणीतरी पन्नास नावं ओततो, खाली वीस जण +१ ठोकतात आणि कुणाला नक्की काय भावलं ते शेवटपर्यंत गुलदस्त्यातच राहतं. म्हणून या वेळी अट घालतोय. गाण्याचं किंवा रचनेचं नाव सांगाच, पण त्यातली ती जागा सांगा, जिच्यासाठी तुम्ही ते परत परत लावता. तिथे काय घडतं? आणि त्या जागेचं तुमच्या आयुष्यात काम काय? "मन प्रसन्न होतं" असल्या उत्तरांना गुण नाहीत.

सुरुवात माझ्यापासून. जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, त्याची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी, १९५९. त्यातला पहिलाच तुकडा, 'सो व्हॉट'. आधी पियानो आणि बास दबक्या आवाजात काहीतरी चाचपतात. मग बास एक वाक्य म्हणतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांत होकार देतात. दीडेक मिनिट हे असंच चालतं. मग माइल्स ट्रम्पेट घेऊन आत येतो आणि नेमका तेव्हाच ड्रमर जिमी कॉब झांजेवर एक फटका देतो. तोवर सगळं इतक्या हलक्या हाताने चाललेलं असतं की तो फटका जरा जास्तच मोठा वाटतो. तो विरत असताना खालून ताल चालायला लागतो. मला हवं असतं ते एवढंच. झांजेचं विरणं आणि त्यात ट्रम्पेटचं पहिलं वाक्य.

माझं काम दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याचं. प्रत्येक जण घाईत, प्रत्येक जण चढ्या आवाजात. काम संपलं की हेडफोन चढवतो आणि हे लावतो. फटका पडला की माझी पाळी संपली. त्याआधी नाही, घड्याळ काहीही म्हणो. घरच्यांनाही आता सवय झालीय, तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही.

दुपारची भैरवी

धागा आवडला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझी जागा केसरबाई केरकरांकडची. भैरवीतलं 'जात कहाँ हो'. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यावर हे ध्वनिमुद्रण आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं आणि गोची तिथेच होते. लोक अंतराळाचं कौतुक करतात आणि गाणं ऐकायचं राहून जातं. उणापुरा साडेतीन मिनिटांचा मामला आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर मावायचं ते तेवढंच. त्यामुळे आलाप करत करत सावकाश रागात शिरायची चैनच नाही. बाई पहिल्या उच्चारापासून पूर्ण उघड्या आवाजात गातात. घसा साफ करणं नाही, अंदाज घेणं नाही. माझी जागा म्हणाल तर तो पहिला उच्चारच.

मी स्वतः तोंड उघडायच्या आधी दहादा मनात वाक्य जुळवणारी बाई आहे. मीटिंगमध्ये माझं वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. एखाद्या दिवशी मला खरंच काही बोलायचं असलं की सकाळी हे ऐकून जाते. उपयोग होतोच असं नाही, पण ऐकून जाते.

तिहाई

झांजेला +१. त्या फटक्यावर मीही फिदा आहे.

अवांतर: 'काइंड ऑफ ब्लू'च्या तबकडीची एक भानगड आहे. 'सो व्हॉट' २ मार्च १९५९ च्या सत्रात मुद्रित झालं, आणि त्या दिवशी टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. हळू चाललेली टेप नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे अशा रीतीने तीसेक वर्षं लोकांनी थोड्या चढ्या सुरात ऐकले. १९९२ मध्ये दुरुस्त आवृत्ती आली. तेव्हा खर्जातले साहेब, तुमची पाळी कोणत्या पट्टीत संपते तेवढं एकदा बघून घ्या.

माझी जागा त्याच वर्षातली. डेव्ह ब्रुबेक चौकडीचं 'टेक फाइव्ह'. बांधलं त्यांच्यातल्याच सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडने. पाच मात्रांचं चक्र, तीन-दोन अशी वाटणी. मी तबला शिकलोय, म्हणून पहिल्यांदा ऐकताना हाताने आपोआप झपताल धरायला सुरुवात केली आणि सपशेल आपटलो, कारण झपतालात दोन-तीन-दोन-तीन असं चालतं. इथे वजन उलटं पडतं. मधे ड्रमर जो मॉरेलो याचा सोलो आहे. ब्रुबेक पियानोवर तेच एक चक्र घोटत बसतो, अगदी तबल्याच्या साथीला लेहरा (तीच ती फिरती धून) धरणाऱ्या माणसासारखा, आणि मॉरेलो त्याच्यावर... काही वाजवतच नाही. म्हणजे वाजवतो, पण मधे एवढ्या मोकळ्या जागा सोडतो की तुम्हाला वाटतं आता हा चुकला. त्या मोकळ्या जागेत माझा पाय चालू असतो. त्यानंतर तो जिथे उतरतो तिथे माझाही पाय असला की मी दिवसभर खूश.

आम्हाला गुरुजी सांगायचे की बोल वाजवायला कुणीही शिकतं, न वाजवता मात्रा भरायला शीक. ते मला तबल्यापेक्षा या सोलोतून जास्त कळलं, हे गुरुजींना सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

पाटी कोरी

क्षमा असावी, पण विरोधी सूर लावतो. जागा काढून दाखवण्याचा हा खेळ म्हणजे रीळ संस्कृतीचीच वेगळी आवृत्ती आहे. पंधरा सेकंद द्या, शहारा द्या, पुढे चला.

एक उदाहरण देतो. भूप आणि देशकार. दोघांत तेच पाच स्वर: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. भूपात वजन गंधारावर, देशकारात धैवतावर. भूप संध्याकाळचा आणि खालच्या अंगाने फुलणारा, देशकार सकाळचा आणि वरच्या अंगात रमणारा. आता मला सांगा, कुठलाही एक तुकडा कापून दिला तर त्यात भूप कुठे दिसणार? गायक कुठे रेंगाळतो, कुठून नुसता निघून जातो, कशाकडे परत परत येतो, यातून राग उभा राहतो. त्याला वेळ लागतो. अर्धा तास बसायची तयारी नसेल तर तुम्ही राग ऐकलाच नाहीत, पाच स्वर ऐकलेत.

मी आवडती जागा सांगणार नाही. माझ्याकडे नाहीच.

खर्जातला

@पाटी कोरी, तुमचं म्हणणं खोडून काढायचं नाहीये, पण अट परत वाचा. "कापून आणा" असं मी म्हटलेलं नाही. आधीचं दीड मिनिट ऐकल्याशिवाय माझी झांज नुसती झांज आहे. मी तेवढाच भाग काढून ऐकूनही बघितलाय, काही होत नाही. वाट बघायला लावते तीच जागा.

आणि देशकारात एखादी गायिका धैवतावर अशी थांबते की भूपाची शंकाच पुसली जाते, ती जागा नाही तर काय?

शून्य मात्रा

खर्जातला यांच्या "वाट बघायला लावते" याला थोडा शास्त्राचा टेकू देतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. संगीत ऐकताना ज्यांना शहारे येतात असेच लोक निवडले, त्यांना त्यांच्याच आवडीचं संगीत आणायला सांगितलं आणि मेंदूत डोपामिन (आनंदाशी जोडलेलं रसायन) कुठे आणि कधी स्रवतं ते पाहिलं. शहारा येतो त्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामिन वाढतं, आणि तो क्षण जवळ येत असताना, म्हणजे आधीच, दुसऱ्याच एका भागात वाढतं. थोडक्यात, वाट बघण्याचा आनंद आणि मिळाल्याचा आनंद यांचे पत्ते वेगळे आहेत.

आता यातून "संगीत म्हणजे रसायन" वगैरे निष्कर्ष काढणारे लेख फिरतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. लोक निवडून घेतलेले होते आणि थोडे होते. पण पाठ असलेलं गाणंही पुन्हा का ऐकावंसं वाटतं, पुढे काय येणार हे माहीत असूनही का थांबावंसं वाटतं, याला निदान एक धागा मिळतो.

माझी स्वतःची जागा: बाखच्या 'आर्ट ऑफ फ्यूग'मधला शेवटचा फ्यूग (एकच चाल अनेक आवाजांत एकामागून एक येते ती रचना). हस्तलिखितात तो २३९ व्या मापापाशी (मात्रांच्या गटापाशी) तुटतो. काही वादक पुढचं स्वतः पूर्ण करतात, काही जण जिथे तुटलं तिथेच हात उचलतात. मला हात उचलणारे आवडतात. मी स्वतः सगळी कामं पूर्ण करून झोपणारा माणूस आहे, त्यामुळे हे मला मानवत नाही, आणि म्हणूनच ऐकतो.

बेसूर बाबा

मी इथे काय करतोय मलाच माहीत नाही, पण लिहितो. मला यातलं काहीही होत नाही. शहारा नाही, डोळ्यांत पाणी नाही, पाय हलत नाही. ऐकू नीट येतं. सूर चुकला तर कळतंही, शाळेत पेटी शिकलोय. पण "आवडतं गाणं कोणतं" या प्रश्नाला मी लहानपणापासून कुणाचं तरी उत्तर चोरून देत आलोय. लग्नासाठी मुलगी बघताना तर तोंडपाठ तीन नावं ठेवली होती.

शून्य मात्रा

@बेसूर बाबा, तुम्ही एकटे नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ साली अशा लोकांवर काम केलंय. त्यांना सूर-ताल ओळखता येत होते, पैसे जिंकल्यावर बाकीच्यांसारखाच आनंदही होत होता, फक्त संगीताने काही होत नव्हतं. म्हणजे हा कोरडेपणा नाही, औदासीन्यही नाही. एकेका माणसाची घडण असते. बायकोला हा प्रतिसाद दाखवा.

बेसूर बाबा

दाखवला. ती म्हणाली, "मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं."

देठ

कुमार गंधर्वांचा उल्लेख अजून कसा आला नाही?

१९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांना क्षयाने गाठलं. पाच-सहा वर्षं गाणं बंद. देवासला अंथरुणावर. स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध झालं आणि ते वाचले, पण एका फुप्फुसाचा उपयोग जवळजवळ संपला होता. त्यानंतरचं त्यांचं गाणं बहुतेकांना माहीत आहे: लहान लहान, झपकन सुटणारे स्वरसमूह, आणि मधे थांबे. काही जण म्हणतात की हे श्वासाच्या मर्यादेतून आलं. काही जण म्हणतात की त्यांचा पिंडच तसा होता, आजार झाला नसता तरी ते असेच गायले असते. मी या वादात पडत नाही. माझ्या कानाला तिथे कमतरता कधीच जाणवली नाही.

'उड जाएगा हंस अकेला'. निर्गुणी भजन. ओळ संपते, आवाज उचलला जातो आणि मागे फक्त तानपुरे राहतात. तानपुरे जुळवण्याबद्दल ते किती काटेकोर होते हे त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने लिहिलंय, आणि ते काटेकोरपण कशासाठी होतं ते या थांब्यात कळतं. आवाज गेल्यावर जे उरतं त्यात सूर आधीपासूनच भरलेला असतो. गाणाऱ्याने तो जणू थोडा वेळ उचलून घेतला होता आणि आता परत ठेवला. मी थांबे ऐकतो. शब्द मला केव्हाच पाठ झालेत.

याच्या जोडीला एक उलटं उदाहरण ठेवतो. बेटोफनच्या ओपस १३० या चार तंतुवाद्यांच्या चौकडीतला 'काव्हातिना' हा भाग. (तोही व्हॉयेजरच्या तबकडीवर आहे, @दुपारची भैरवी.) मधे एका ठिकाणी बाकीची तीन वाद्यं शांतपणे एक लय धरून बसतात आणि पहिलं व्हायोलिन त्या लयीत न बसता तुटक तुटक बोलायला लागतं. तिथे बेटोफनने गुदमरल्यासारखं वाजवा अशी सूचना लिहून ठेवलीय. कुमारांचा थांबा गाणाऱ्याच्या ताब्यात आहे. बेटोफनचं व्हायोलिन मात्र बोलू पाहतंय आणि त्याला बोलता येत नाही. मला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे तो उतारा मी वाईट दिवशी ऐकत नाही. कुमार कधीही चालतात.

रेघोट्या

सुंदर लिहिलंत, देठ. दम्याचं वाचून काळजी वाटली, जपा.

मला न कळणाऱ्या भाषेतलं सांगते. इजिप्तच्या गायिका उम्म कुलसूम. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांची मैफल रेडिओवर थेट प्रसारित व्हायची आणि हे कित्येक वर्षं चाललं. १९६४ चं 'इन्ता ओम्री' घ्या. चाल मोहम्मद अब्देल वहाब यांची. आधी बराच वेळ वाद्यवृंदच वाजतो, बाईंचा पत्ता नाही. मग त्या येतात, एक ओळ म्हणतात, आणि श्रोत्यांतून गलका उठतो. त्याच ओळीवर त्या परत येतात. पुन्हा गलका. पुन्हा तीच ओळ, पण या वेळी एका शब्दावर वजन वेगळं. अशा रीतीने एकेक गाणं तासाभराचं होतं.

माझी जागा गाण्यात नाहीच, त्या गलक्यात आहे. ओळ पूर्ण व्हायच्या किंचित आधी एखादा श्रोता न राहवून ओरडतो. बाईंना काय करायचंय ते त्याला आधीच कळलेलं असतं. अरबीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण त्या माणसाचं मला अगदी पूर्ण कळतं. मी स्वतः मैफलीत "क्या बात है" सुद्धा मनातल्या मनात म्हणणारी. तो माझ्या वतीने ओरडतो.

पाटी कोरी

रेघोट्या ताई, हे मान्य. कारण इथे तुकडा कापलेला नाही, तासभर बसूनच तो माणूस तिथे पोचलाय. माझा आक्षेप बसून न ऐकण्याला आहे, एवढंच.

अधलीमधली

आमच्या घरात या विषयावर कायमचं भांडण आहे, ते इथे मांडते. न्यायनिवाडा करा.

पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' दोनदा स्टुडिओत मुद्रित केले. १९५५ साली, वय बावीस. आणि १९८१ साली. पहिलं सुमारे ३८ मिनिटांत संपतं, दुसऱ्याला ५१ लागतात. (काही फरक पुनरावृत्त्यांचा आहे, पण सगळा नाही.) सुरुवातीला एक आरिया (मूळ चाल), मग तिची तीस रूपं, आणि शेवटी तीच आरिया, एकही सूर न बदलता. पुढच्याच वर्षी गूल्ड गेला, पन्नासाव्या वर्षी, त्यामुळे दुसऱ्या मुद्रणाकडे लोक निरोपासारखं बघतात. मला तसं बघायला आवडत नाही, त्याला काय माहीत होतं?

नवरा १९५५ चा भक्त. म्हणतो, असा वेग, अशी सफाई, असा उद्धटपणा परत होणे नाही. त्याची जागा पहिली आरिया संपून पहिलं रूप सुरू होतं ती. दार धाडकन उघडावं तसं ते येतं, हे मलाही कबूल आहे.

माझी जागा १९८१ ची शेवटची आरिया. सूर तेच, पण सुरुवातीच्या आरियापेक्षाही ती सावकाश आहे. आणि पाठीमागे गूल्ड गुणगुणतोय. गूल्डची ती सवयच होती, मुद्रण करणाऱ्यांना ती कधी पूर्ण झाकता आली नाही. बऱ्याच जणांना ते खटकतं. मला नाही खटकत. पियानोवर एक सूर असतो आणि त्याच्या खाली, थोडा बेसूर, एका माणसाचा आवाज.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्याचं तेच वाक्य पुन्हा वाचते, एकही अक्षर न बदलता ते दुसऱ्या वाचनात वेगळं लागतं, हा माझा रोजचा अनुभव आहे. कदाचित म्हणून मला ती आरिया कळते. नवरा म्हणतो, तू संथ आहेस म्हणून तुला संथ आवडतं. यावर काय बोलणार.

तिहाई

@अधलीमधली, निवाडा: १९५५. पण गुणगुणण्याबद्दलचं सगळं मान्य. खटला दोघांनीही जिंकला, खर्च दोघांवर.

कानाला खडा

गेलं वर्षभर मी श्रवणयंत्र वापरतो. इथे लिहावं की नाही कळत नव्हतं, पण जागांचाच विषय आहे म्हणून लिहितो.

मला बासरी आवडते. खालच्या सुरांची मोठी बासरी, जी पन्नालाल घोषांनी शास्त्रीय मैफलीत आणली. वादक लांब षड्ज धरतो, सूर सरळ रेषेत जात राहतो, आणि आता याचा श्वास संपणार असं वाटत असतानाच सूर आणखी थोडा पुढे जातो. ती माझी जागा. यंत्र लावल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते ऐकायला बसलो आणि तो षड्ज थरथरायला लागला. कंप सुटलेला, मधूनच शिट्टीसारखं काहीतरी, मधूनच अर्धवट गायब. वाटलं, कान आणखी गेले. आठवडाभर कुणाला सांगितलं नाही.

झालं होतं ते असं. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी बेतलेली असतात. यंत्राचाच आवाज परत त्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरला की शीळ वाजते, म्हणून ती दाबण्याची सोय आत असते. आणि लांब, एकसारखा, न बदलणारा सूर त्या सोयीला शीळच वाटते. म्हणजे बासरीवाला जितका चांगला, तितकं माझं यंत्र त्याच्यावर जास्त तुटून पडत होतं. शिवाय हळू आवाज वर काढायचा आणि मोठा आवाज दाबायचा हेही ते सतत करत असतं, त्यामुळे तबला थांबला की मागचा तानपुरा फुगून वर यायचा.

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करून दिला. शीळ दाबणं अगदी सौम्य, वर-खाली करणं कमी, गोंगाट गाळणं बंद. बटण दाबून तो लावायचा. त्या बाईंनी मला "तुम्हाला काय ऐकायचंय ते घेऊन या" असं सांगितलं होतं, मी बासरी घेऊन गेलो, आणि त्या खुर्चीत बसून त्यांनी एकेक गोष्ट बदलत तो षड्ज सरळ केला. पूर्वीइतका नाही. वरचे सूर मला आता मिळतच नाहीत, हवेचा जो बारीक आवाज बासरीत असतो तो गेला. पण षड्ज सरळ आहे.

ज्यांच्या घरी कुणी यंत्र वापरतं आणि "मला आता गाणी आवडत नाहीत" म्हणतं, त्यांनी एकदा हे विचारून बघा. दर वेळी प्रश्न आवडीचा नसतो.

दुपारची भैरवी

माझे वडील. अगदी हेच वाक्य. उद्याच फोन करते. आभार.

देठ

कानाला खडा, दंडवत.

खर्जातला

हा प्रतिसाद वर चिकटवता आला असता तर बरं झालं असतं. एक विचारतो, चालत असेल तर: तालवाद्यं कशी ऐकू येतात?

कानाला खडा

उत्तम. तबल्याचा बाया तर विचारू नका. सुरांचं अवघड, तालाचं सोपं. मी हल्ली तबल्याचे एकल वादन जास्त ऐकू लागलोय, पूर्वी मला कंटाळा यायचा.

तिहाई

या, या. आमच्या पंथात स्वागत आहे.

फुटकी पट्टी

उशिरा आलो. बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ', १९६७. शेवटचा स्वरमेळ. अनेक पियानोंवर एकदम हात मारलाय आणि मग तो जवळपास पाऊण मिनिट विरत राहतो. विरताना ध्वनियोजकांनी आवाजाची पातळी वर वर नेली, म्हणून शेवटी शेवटी स्टुडिओतली खुर्ची कुरकुरलेली ऐकू येते. ती कुरकुर माझी जागा. जगप्रसिद्ध लोक श्वास रोखून बसलेत आणि कुणालातरी बूड हलवल्याशिवाय राहवलं नाही. मला कुठल्याही गंभीर प्रसंगी, प्रार्थनेत, भाषणात, हमखास खोकला येतो. त्यामुळे हा माणूस माझा.

रेघोट्या

फुटकी पट्टी, लोल. माझा ओरडणारा आणि तुमचा खुर्चीवाला यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी.

पाटी कोरी

बरं. सगळे लिहितायत म्हणून. जागा नाहीच म्हणालो होतो, अजूनही तेच म्हणेन, पण किशोरी आमोणकरांचं भूपातलं 'सहेला रे' लागलं की मी हातातलं काम सोडतो. कुठल्या क्षणाला, ते विचारू नका. मुखडा सुरू होतो तिथून सोडतो आणि संपल्यावर परत घेतो.

अधलीमधली

म्हणजे अख्खी बंदिशच जागा. नियमात बसतं का, खर्जातला?

खर्जातला

बसवलं.

आता माझी एक शंका. तिहाईने ती चढ्या सुराची भानगड सांगितल्यापासून मला चैन नाही. माझ्याकडे 'काइंड ऑफ ब्लू'ची एक जुनी तबकडी आहे, मामाची, आणि फोनवर ऐकतो ती वेगळी. कुठली कोणत्या सुरातली, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? मला स्वरज्ञान बेताचंच आहे.

तिहाई

अगदी सोपं. तानपुऱ्याचं ॲप असेल ना फोनवर? ४४० हर्ट्झचं प्रमाण ठेवून पांढरी दोन (पाश्चात्त्य डी) लाव. 'सो व्हॉट'चा मूळ सूर तोच. वर काफी थाटाचे स्वर लागतात, म्हणजे तुझ्या कानाला परकं काही नाही. बासचं वाक्य सुरू झालं की तानपुरा त्याच्या जोडीला सोड. षड्ज बसला तर दुरुस्त प्रत. तानपुरा आणि बास एकमेकांना रेटताना वाटले, बास जरा वर, तर जुनी.

फक्त एक लक्षात ठेव. बत्तीस मापांचं चक्र आहे, त्यातली पहिली सोळा झाली की पुढच्या आठांसाठी सगळं अर्ध्या सुराने वर जातं आणि मग खाली येतं. तेव्हा तानपुरा बोंबलणारच. तिथे निर्णय देऊ नको. आणि मामाची तबकडी ज्यावर वाजवशील त्या यंत्राचाच वेग बरोबर आहे का ते आधी बघ, नाहीतर बिचाऱ्या कोलंबिया कंपनीच्या टेपवर उगाच आळ.

खर्जातला

मामाचं यंत्र रबरी पट्ट्यावर चालतं आणि पट्टा सैल आहे. रविवारी नवीन पट्टा घालतो, मग तानपुरा लावतो, मग इथे कळवतो.

बेसूर बाबा

कळवाच. मला गाण्याचं काही नाही, पण निकालाची उत्सुकता आहे.